गिटारवर चिकटवायचे नोट स्टिकर : आठ महिने वापरून मगच लिहितोय

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. सुरांची नावं छापलेले हे स्टिकर घ्या, 190 रुपये काही फार नाहीत, पण कायमचे लावून ठेवायला घेऊ नका, एकेक करून काढून टाकायला घ्या. आता हे काय भलतंच, काढायचेच तर लावायचे कशाला, असं वाटेल, म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहितोय. आणि दुसरं म्हणजे, गिटार वाजवणाऱ्याने फ्रेटबोर्डवरचे, म्हणजे गिटारच्या दांड्यावर जिथे तारा दाबतो तिथले, सूर नावानिशी पाठ करायला हवेत का, या प्रश्नाचं माझं उत्तर गेल्या आठ महिन्यांत पार बदललं, आणि ते बदलायला हे 190 रुपयांचं पाकीट कारणीभूत आहे, त्यामुळे रिव्ह्यूमध्ये तेही येणारच.

मी बडोद्याचा. लहानपण दांडिया बाजारात गेलं, आता मांजलपूरला राहतो. गिटार दहा-अकरा वर्षं वाजवतोय पण कॉर्डवाला गिटारिस्ट, म्हणजे गाणाऱ्याच्या मागे बसून साथ करणारा. जी, सी, डी, ई मायनर, ए मायनर, मग दोन वर्षांनी बोटं दुखवून घेऊन एफ, आणि बाकी सगळं कॅपोवर (सगळ्या तारा एका जागी दाबून धरणारी क्लिप). आमचं एक छोटं मंडळ आहे, गणपतीत, कोजागिरीला, दिवाळी पहाटेला भावगीतांचे कार्यक्रम करतो, कुणाच्या सोसायटीत, कुणाच्या हॉलमध्ये. पेटीवर एक काका, गायला दोन काकू आणि एक तरुण मुलगा, तबला, आणि मी. या सेटअपमध्ये मला दहा वर्षांत कधी सुरांची नावं पाठ नसल्याचं जाणवलं नाही. कारण पट्टी सांगितली की मी कॅपो लावायचो. काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) म्हणजे जी शार्प, पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेला खण) कॅपो आणि जी चा शेप, म्हणजे जी कॉर्डची बोटांची ठेवण. काळी दोन म्हणजे डी शार्प, तिसऱ्यावर कॅपो आणि सी चा शेप. हा तक्ता तोंडपाठ, बस, गाडी चालू.

मागच्या गणपतीत एका कार्यक्रमात काकूंचा गळा त्या दिवशी इतका छान लागला होता की त्या स्टेजवरच म्हणाल्या, आज काळी चार नको, काळी पाच घेऊया. मी कॅपो तिसऱ्या फ्रेटवर सरकवला, जी चाच शेप, आवाज ए शार्पचा, काही अडचण नाही. अर्ध्या गाण्यानंतर मधल्या म्युझिकमध्ये पेटीवाल्या काकांनी मान वळवून सांगितलं, पंचम धर, एकच सूर, मी त्यावर फिरतो. साधी गोष्ट. सा काळी पाच, तर पंचम पांढरी चार, म्हणजे एफ, एवढं मला डोक्यात लगेच आलं. पण गिटारवर एफ कुठे? मला एफ माहीत होता फक्त पहिल्या फ्रेटवर, आणि पहिला फ्रेट तर कॅपोच्या मागे गेलेला. त्या चार-सहा सेकंदांत मी तिथे हात नुसता धरून बसलो होतो. काकांनी मग स्वतःच धरला पंचम आणि निभावून नेलं, ऐकणाऱ्यांना कळलंही नसेल, पण मला घरी येईपर्यंत चैन पडेना. रात्री गिटार काढून बघितलं तर कॅपो तिसऱ्यावर असताना चौथी तार मोकळी सोडली की तीच एफ आहे. बोट ठेवायचीसुद्धा गरज नव्हती. चौथी तार डी, त्यावर तिसरा फ्रेट एफ, आणि कॅपो बरोबर तिथेच बसलेला.

म्हणून मी स्टिकर आणले.

थोडं घरचं सांगतो, कारण त्याचा संबंध आहे. माझे आजोबा सूरसागर तलावाच्या काठावरच्या गायनशाळेत पेटी शिकले. बाहेरच्या वाचकांसाठी, ही शाळा 1886 साली सयाजीराव महाराजांच्या काळात गवई मौलाबक्षांनी सुरू केली, आज ती महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे. मौलाबक्षांनी आपल्या गाण्यासाठी स्वतःची नोटेशन पद्धत बसवली होती, आणि पुढे 1916 ला भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली तीही बडोद्यातच. म्हणजे सूर कागदावर नाव घालून लिहायचा का नुसता कानाने गळ्यात उतरवायचा, हा वाद आमच्या गावाला नवीन नाही, शंभर वर्षांहून जुना आहे. आजोबा शिकलेले नोटेशनवर, पण घरी कुणाला पेटीच्या पट्ट्यांवर पेनाने सा रे ग म लिहू द्यायचे नाहीत. आत्याने एकदा पेन्सिलने लिहिलं होतं ते त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकलं होतं, ती अजून सांगते. मी स्टिकर घेताना हे आठवलं आणि जरा अपराधी वाटलं, खोटं नाही सांगत.

पण पेटी आणि गिटार यांत एक मोठा फरक आहे तो लक्षात घ्या. पेटीवर एक सूर एकाच जागी असतो. मधला सी म्हणजे ती एकच पट्टी, आणि काळ्या पट्ट्यांचे दोन-तीनचे गट डोळ्याला दिसतात त्यामुळे जागा आपोआप ओळखू येते. गिटारवर तोच मधला सी, अगदी तोच, वरचा-खालचा सप्तक नाही, पाच जागी मिळतो. दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट, तिसरीवर पाचवा, चौथीवर दहावा, पाचवीवर पंधरावा आणि सहावीवर विसावा (विसाव्यापर्यंत अकूस्टिकवर हात पोचत नाही ती गोष्ट वेगळी). आणि फ्रेटबोर्ड सगळीकडे सारखाच दिसतो, काळं-पांढरं काही नाही, नुसते ठिपके. म्हणून पेटीवाल्याला जे दोन महिन्यांत जमतं ते गिटारवाल्याला दहा वर्षं जमत नाही आणि तरी त्याचं काम चालतं, कारण शेप आहेत, कॅपो आहे.

आता प्रॉडक्ट. न्यायमंदिराकडच्या एका म्युझिक शॉपमध्ये मिळालं. ब्रँडचं नाव पाकिटावर धड छापलेलंच नाही, त्यामुळे सांगता येत नाही, असले पाकीट बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि सगळे थोडेफार सारखेच असावेत. आत एक पारदर्शक शीट, त्यावर 72 छोटे स्टिकर, सहा तारा गुणिले बारा फ्रेट. प्रत्येक सुराला वेगळा रंग, सी लाल, डी केशरी असं करत. अक्षर बारीक आहे पण वाचता येतं. मोकळ्या तारांसाठी वेगळे स्टिकर नाहीत, ती नावं पाठ असणार असं त्यांनी धरलंय आणि ते बरोबरच आहे. जाड तारेपासून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई. आणि नंबर उलटे, सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी, हे नवीन लोक नेहमी उलटं करतात.

लावायला दोन तास लागले. पाकिटावर लिहिलंय की तारा न काढता लावता येतात, ऐकू नका. मी आधी तसंच करायला गेलो, तारेखालून बोट घालून स्टिकर सरळ बसतच नाही, दोन वाकडे लागले आणि एक फाटला. मग सरळ जुन्या तारा काढल्या, तशाही गंजल्या होत्या, फ्रेटबोर्ड कोरड्या फडक्याने पुसला आणि मग शांतपणे लावले. तेव्हा जमतात. स्टिकर फ्रेटच्या पट्टीला चिकटून लावू नका, जरा अलीकडे लावा. तार फ्रेटच्या धातूवर टेकते, लाकडावर नाही, त्यामुळे आवाजात फरक पडत नाही, तो एक प्रश्न सगळे विचारतात.

साइजचं मात्र नीट बघा. शीट बनवलीय फुल साइज गिटारसाठी, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत (तारेची वाजणारी लांबी) साधारण 648 मिलिमीटर. फ्रेट जसे वर जातात तसे जवळ येत जातात, पहिल्या फ्रेटची जागा साधारण 36 मिलिमीटर असते आणि बाराव्याची जेमतेम 19. माझ्या गिटारवर बारावा स्टिकर कसाबसा मावला. मुलीची थ्री-फोर्थ साइजची गिटार आहे, तिच्यावर नवव्या फ्रेटनंतर स्टिकर फ्रेटवर चढायला लागले, कात्रीने कापावे लागले. लहान मुलांसाठीच हे जास्त विकत घेतले जातात आणि लहान मुलांच्या गिटारलाच बसत नाहीत, हे बनवणाऱ्यांनी सुधारायला पाहिजे.

अजून एक खटकलं. काळ्या सुरांवर फक्त शार्प छापलेत. ए शार्प आहे, बी फ्लॅट नाही. आपल्याकडे पेटीवाले काळी पाच म्हणतात, कीबोर्डवाला बी फ्लॅट म्हणतो, स्टिकर म्हणतो ए शार्प, आणि मुलगी विचारते बाबा हे तीन वेगळे सूर आहेत का. एकच जागा आहे गं, तीन नावं आहेत. दोन्ही नावं छापलेले स्टिकर मिळत असतील तर तेच घ्या.

पहिले तीन आठवडे इतकी मजा आली काय सांगू. बघायचं, वाजवायचं, नाव घ्यायचं. मला वाटलं झालं, आता येतं आपल्याला. मग एका रविवारी फतेहगंजला मित्राकडे गेलो, त्याची गिटार घेतली, साधी, स्टिकर नसलेली, आणि त्याने सहज विचारलं की तिसऱ्या तारेवर ई कुठे. मला जागा आठवेना. मला आठवत होता तो हिरवा रंग. कुठल्या फ्रेटवर, ते नाही. म्हणजे तीन आठवडे मी सूर शिकत नव्हतो, स्टिकर वाचत होतो, आणि वाचता येत असल्यामुळे लक्षात ठेवायची गरजच पडली नव्हती. आजोबांनी पट्ट्यांवरची पेन्सिल का पुसली ते मला त्या दिवशी मित्राच्या गॅलरीत बसून कळलं.

काढून टाकायची आयडिया माझ्या मुलीची, अकरा वर्षांची आहे. ती म्हणाली, बाबा, सगळे एकदम काढू नको, रोज थोडे थोडे काढ आणि जिथला काढला तिथे त्याचं नाव मोठ्याने म्हण. आधी आम्ही सगळे शार्प काढले. बारा फ्रेटपर्यंत 72 जागांपैकी 42 पांढऱ्या सुरांच्या आहेत आणि 30 काळ्यांच्या. त्या 30 पाठ करायची गरजच नाही, पांढऱ्या माहीत असल्या की शार्प म्हणजे एक फ्रेट पुढे, फ्लॅट म्हणजे एक मागे. फक्त एवढं पक्कं हवं की ई आणि एफ शेजारी-शेजारी, बी आणि सी शेजारी-शेजारी, त्यांच्यामध्ये काळा सूर नाही. पेटी डोळ्यासमोर आणली की हे लगेच दिसतं.

मग उरले सात सूर. आठवड्याचे वार सात. सोमवारी सी, मंगळवारी डी, असं करत रविवारी बी. त्या दिवशी तो एकच सूर सहाही तारांवर शोधायचा, जाडपासून बारीककडे आणि परत, आणि मग त्याचे स्टिकर काढून टाकायचे. सी चं सांगतो, सहावीवर 8, पाचवीवर 3, चौथीवर 10, तिसरीवर 5, दुसरीवर 1, पहिलीवर परत 8. एफ, ज्याने माझा घोटाळा केला होता, तो 1, 8, 3, 10, 6, 1. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 40 ठोक्यांवर ठेवायचा, दर ठोक्याला एक तार, आणि वाजवताना तोंडाने नाव घ्यायचं. तोंडाने घेणं फार महत्त्वाचं आहे, मनात म्हटलं की बोट पुढे पळतं आणि नाव मागे राहतं. पाच ते सात मिनिटं, जास्त नाही. आम्ही दोघं जेवणानंतर करायचो, ती तिच्या गिटारवर, मी माझ्या, आणि पहिल्या आठवड्यात सगळं चुकत होतं पण तिसऱ्या आठवड्यात 40 चा मेट्रोनोम 60 वर गेला.

यात ऑक्टेव्हचा आकार फार कामाला येतो. सहाव्या तारेवर सूर सापडला की एक तार सोडून, म्हणजे चौथ्या तारेवर, दोन फ्रेट पुढे तोच सूर वरच्या सप्तकात. पाचवीवरून तिसरीवर तसंच, दोन पुढे. पण चौथीवरून दुसरीवर आणि तिसरीवरून पहिलीवर तीन पुढे. कारण बाकी सगळ्या शेजारच्या तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर आहे आणि जी-बी या दोन तारांमध्ये फक्त चार. ट्यूनिंग करताना आपण पाचवा फ्रेट दाबून पुढची तार मिळवतो आणि एकाच जागी चौथा दाबतो, तेच कारण, फक्त आपण कधी विचार केलेला नसतो.

अजून एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, माझी मलाच सापडली. सगळे शिकवणारे सुरुवात सहाव्या आणि पाचव्या तारेपासून करतात, कारण बार कॉर्डचा (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची कॉर्ड) मूळ सूर तिथे असतो. बरोबर आहे, पण त्यात एक खड्डा आहे. सहावीवर ठिपके येतात 3, 5, 7, 9 वर, सूर जी, ए, बी, आणि मग नवव्या ठिपक्यावर माणूस सी समजून बसतो. तो सी नाही, सी शार्प आहे, सी आठव्यावर, ठिपका नसलेल्या जागी. पाचवीवर तेच, सी, डी, ई आणि नवव्यावर एफ शार्प. आता चौथी तार बघा. 3 वर एफ, 5 वर जी, 7 वर ए, 9 वर बी, 12 वर डी. प्रत्येक ठिपक्यावर पांढराच सूर, एकही काळा नाही. सहा तारांत अशी ही एकच तार आहे. म्हणून मुलीला मी चौथ्या तारेपासून सुरू केलं, एका संध्याकाळी पाठ झाली, आणि एक तार आली म्हटल्यावर पोरीला जोर आला.

आणि एका तारेवर आडवं वाजवा, उभं नको. बॉक्स पॅटर्नची, म्हणजे चार-पाच फ्रेटांच्या चौकटीतच सगळ्या तारांवर वाजवायची, सवय झालेल्याला हे जड जातं. पाचव्या तारेवर सी ला सा धरा आणि सा रे ग म प ध नी म्हणा, 3, 5, 7, 8, 10, 12, 14, सगळे शुद्ध स्वर, बिलावल. सतार वाजवणारा असंच तारेवरून लांब जातो ना. आपल्या कानाला सरगम आधीच येतं, लहानपणापासून भजनं-आरत्या ऐकून, मग त्याच्यावर सी डी ई ची नावं चढवायला कितीसा वेळ लागतो. इंग्रजी अक्षरं कोरडी पाठ करण्यापेक्षा हे मला हजारपट सोपं गेलं.

आता दुसरी बाजू. फतेहगंजचा तोच मित्र, नवरात्रीत गरब्याच्या बँडमध्ये वाजवतो, त्याचं म्हणणं असं की नावं पाठ करणं म्हणजे वेळ घालवणं, कान तयार करा, हात आपोआप जातो. तो वेस मॉन्टगोमेरीचं उदाहरण देतो, एवढा मोठा जॅझ गिटारिस्ट, त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. आणि आपल्याकडचे ब्रिजभूषण काब्रा (ते आता नाहीत), विश्वमोहन भट्ट, ही माणसं स्लाइड गिटारवर (तारांवर कांडी सरकवत वाजवायची गिटार) रागदारी वाजवणारी, त्यांना कुठे ए शार्प-बी फ्लॅट करत बसायचंय, ते सरगममध्ये विचार करतात. मी यावर बरेच दिवस विचार केला, कारण मित्र खरंच माझ्यापेक्षा कितीतरी चांगला वाजवतो.

पण मला वाटतं की यात दोन गोष्टी एकात एक मिसळल्यात. कागदावरचं नोटेशन वाचता न येणं वेगळं आणि आपल्या हातातल्या वाद्यावर सूर कुठे आहे ते माहीत नसणं वेगळं. मॉन्टगोमेरीला कागद वाचता येत नसेल, पण फ्रेटबोर्डवर तो कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं असं त्याचं ऑक्टेव्हमधलं वाजवणं ऐकून कुणी म्हणेल का? आणि स्लाइड गिटारवाल्यांचं असं की ते गिटारच्या तारा आपल्या सा ला मिळवून बसतात. सा कुठे आहे ते ठरलेलं, तो संपूर्ण मैफलीत हलत नाही, मग सरगम पुरतं. आपल्या साथीच्या गिटारचं उलटं आहे. तारा कायम ई ए डी जी बी ई ला, आणि सा मात्र दर गाण्याला वेगळा. काकूंचा काळी चार, तरुण पोराचा काळी एक, आणि सगळे एकत्र गायले तर पांढरी एक-दोनच्या आसपास काहीतरी जमवायचं. सा सरकतो तेव्हा पंचम कुठे सरकला हे सांगायला कायमची नावं लागतात. मित्राचा कान इतका तयार आहे की तो ऐकून पकडतो, शंभर टक्के मान्य, पण तसा कान तयार व्हायला त्याची वीस वर्षं गेलीत, आणि मला नावं पाठ करायला चार महिने गेले. आणि नावं पाठ केल्याने माझा कान बिघडला नाही, उलट आता सूर ऐकला की तो कुठे आहे ते डोळ्यासमोर येतं, म्हणजे कान आणि हात यांच्यात पूल झाला.

ज्याला नुसतं घरी चार मित्रांत गाणी म्हणायचीयत, त्याने नाही केलं पाठ तरी काही बिघडत नाही, त्याला मी उगाच घाबरवणार नाही. पण ज्याला दुसऱ्या वाद्यांबरोबर बसायचंय, पेटी, कीबोर्ड, बासरी, त्याने करावंच. निदान तीन तारा, सहावी, पाचवी, चौथी. बाकीच्या तीन ऑक्टेव्हवरून काढता येतात आणि पहिली तर सहावीचीच कॉपी आहे.

मोबाइलवर फ्रेटबोर्ड क्विझचे ॲप मिळतात, दोन वापरून बघितले. स्क्रीनवर टॅप करण्यात एक्सपर्ट होतो माणूस, हातात गिटार घेतली की परत शून्य. बसमध्ये वेळ जायला ठीक.

काढतानाचा त्रास लिहायलाच हवा कारण दुकानदार हे सांगत नाही. गोंद राहतो. मी एप्रिल-मेमध्ये शेवटचे काढले, बडोद्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, चाळिशीच्या वर पारा, घामाच्या बोटांनी आधीच कडा सुटलेल्या, आणि खाली चिकट थर. माझा फ्रेटबोर्ड रोझवूडचा, वर पॉलिश नसलेला, त्यात गोंद जास्त बसतो. हेअर ड्रायर लांबून, कमी गरमवर दहा-पंधरा सेकंद, मग नखाने कड उचलून हळूच तिरका ओढायचा. घाईत उपटलेत तर रंग वर येतो आणि गोंद खाली राहतो. राहिलेला गोंद मऊ फडक्याने आणि फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलच्या दोन थेंबांनी निघाला. ब्लेड लावू नका, मी एका जागी लावलं आणि लाकडावर चरा आलाय तो कायमचा. पहिल्या आणि दुसऱ्या तारेखालचे स्टिकर बेंड करताना (तार बोटाने ओढून सूर चढवताना) बोटाबरोबर सरकतातही, लीड वाजवणाऱ्यांनी तिथे लावूच नयेत असं मी म्हणेन.

या वर्षी तालमी सुरू झाल्यात. मागच्या आठवड्यात काकूंनी एका गाण्याला काळी तीन मागितली. मी दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, ई चा शेप, आणि मधल्या जागी काकांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. काळी तीनचा पंचम काळी एक, सी शार्प. पाचवीवर 4 आहे, तिसरीवर 6, दुसरीवर 2, म्हणजे परत कॅपोखाली मोकळीच. या वेळी मी तिसरीवरचा घेतला कारण तिथून वर धैवताला मींड घेता येते, दोन फ्रेट घसरत. काकांनी मान हलवली. गाणं झाल्यावर म्हणाले, आता तुला नुसता पंचम नाही, पूर्ण अंतरा देतो.

गुण द्यायचे तर स्टिकरला पाचपैकी तीन. एक साइजसाठी कापला, एक गोंद आणि फक्त शार्प छापल्याबद्दल. घेताना दुकानात फुल साइज का थ्री-फोर्थ ते आधी सांगा, शीट गिटारवर धरून बारावा फ्रेट जुळतो का बघा, नवीन तारांचा सेट त्याच वेळी घ्या म्हणजे जुन्या काढून निवांत लावता येतील, आणि कॅलेंडरवर लावल्यापासून तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी खूण करून ठेवा, त्या दिवशी सी काढायचा. आमच्या घरी आता एकच स्टिकर शिल्लक आहे, मुलीच्या गिटारवर चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर एफ चा. तो ती काढू देत नाही.